पावणं, जेवलासा न्हवं?

माझ्या दुकानात येणारा प्रत्येक माणूस पहिलं वाक्य एकच बोलतो. "म्याडम, मी काय केलं न्हाय, आपोआप बंद पडलं." मी निशिगंधा. राजारामपुरीत व्हिडिओ एडिटिंगची मशिनं जोडून देते आणि बिघडलेली दुरुस्त करते. लग्नाचे स्टुडिओवाले, केबलच्या बातम्यावाले, म्हशींच्या बाजाराचे यूट्यूब चॅनल चालवणारे, सगळी जत्रा माझ्याकडं येते. आपोआप काहीही बंद पडत नाही. कुणी फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलेलं असतं, कुणी मशिनच्या यूपीएसवर इस्त्री लावलेली असते. मी चिडत नाही. चहा सांगते आणि विचारते, "नीट चालत होतं तेव्हापासून बदललं काय?" उत्तर खोटं येतं. मग मी एका वेळी एकच गोष्ट बदलून बघते आणि मशीन मला खरं काय ते सांगतं. माझा धंदा एवढ्यावर चाललाय आणि बरा चाललाय.

उचगावचा सोमशेखर हे माझं खोटं न बोलणारं एकमेव गिऱ्हाईक. मूळचा गडहिंग्लजकडचा, घरात कानडी, बाहेर कोल्हापुरी. पशुखाद्याच्या दुकानावरच्या माळ्यावर त्याचा स्टुडिओ आहे, त्यामुळं त्याच्या मशिनच्या पंख्यात कायम सरकी पेंडीचा वास. त्याचा फोन आला तेव्हा मी निवांत होते.

"ताई, एक क्लिप अडाकतीया. बाकीचं सगळं पळतंय. ही एकच, आणि एकाच जागी."

"मोबाईलवर शूट केलेली असेल."

"व्हय."

"मग झालं तर. येते," मी म्हटलं. मोबाईलचं शूटिंग एकसारख्या चालीनं चालत नाही, मधेच दम खातं, आणि एडिटिंगचं सॉफ्टवेअर गोंधळतं. त्याला औषध आहे. गाडीला किक मारतानाच माझं निदान झालेलं होतं.

क्लिप एका लग्नातल्या, अक्षतांच्या आधी बसलेल्या पंगतीची होती. दोन्हीकडं माणसं जेवायला बसलेली, मधल्या वाटेनं खांद्यावर टॉवेल टाकलेला एक धिप्पाड म्हातारा चालत येतोय. प्रत्येकापुढं वाकतोय आणि विचारतोय, "पावणं, जेवलासा न्हवं?" समोरच्यानं मान डोलावली की म्हणतोय, "बरं झालं. सावकाश उठा." असं करत तो कॅमेऱ्यापर्यंत येतो, कॅमेऱ्यापुढं वाकतो, तोच प्रश्न विचारतो. तिथं चित्र थांबायचं. आवाजही थांबायचा. माऊस हलायचा, घड्याळ चालायचं, फक्त तेवढी टाइमलाइन, म्हणजे क्लिपा जोडायची पट्टी, मेल्यासारखी पडून राहायची.

"हे कोण?"

"जोतीरामतात्या. इथलेच, दुधवाले," सोमशेखर म्हणाला. "लेकीचं लग्न. बुफे नको म्हणाले, माणूस ताट घेऊन भिकाऱ्यागत फिरतंय म्हणाले. पंगतच घातली. आणि शेवटची पंगत उठल्याबिगर मी बसत न्हाय म्हणून हटून बसले." त्यानं माऊस बाजूला सारला. "लेक सासरी गेली, शेवटची पंगत बसली, आणि तात्या भिंतीकडंच्या खुर्चीवर टेकले ते टेकलेच. त्यांचं पान वाढून ठेवल्यालं होतं."

फिल्म त्यामुळं तशीच पडून राहिली होती. आता तात्यांचं वर्षश्राद्ध आलं होतं आणि लेकीला ती हवी होती.

मी कामाला लागले. क्लिपची चाल एकसारखी करून घेतली. मशीनमध्ये साठलेला तात्पुरता कचरा, म्हणजे कॅशे, पुसली. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर जुना घातला, मग नवा घातला. रॅमच्या पट्ट्या काढून एकेक लावून बघितली. तात्या वाकायचे, विचारायचे, थांबायचे. मी तोंडानं शिवी देणार इतक्यात जिन्यावरून सोमशेखरची बायको सौंदर्या आली आणि जेवायला चला म्हणाली. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही. भूक लागली होती, दोन भाकऱ्या हाणल्या. वर येऊन मशीन उघडून पंख्यातली पेंडीची धूळ झाडली आणि क्लिप लावली.

तात्या वाकले, विचारलं, "बरं झालं. सावकाश उठा," म्हणाले आणि पुढं गेले.

"धूळ," मी म्हटलं. "मशीन तापत होतं. कितीदा सांगितलंय, खिडकीला जाळी लाव म्हणून."

सोमशेखर मान खाली घालून हो म्हणाला. मी ऐटीत घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याचा फोन. परत तिथंच अडकलं होतं. धूळ एका रात्रीत परत बसत नाही, म्हणून मी मशीन सरळ माझ्या दुकानात मागवलं. मशिनबरोबर रिक्षातून एक मुलगीही आली. तात्यांची लेक, अनुजा. तिच्या चेहऱ्यावर बापाच्या भुवया होत्या.

"ताई, श्राद्धाला दाखवायची हाय. होईल न्हवं?"

"होणार. न व्हायला काय झालं?"

ती उठेना. कपातला चहा गार करत बसली. मग म्हणाली, "आई वाळून चाललीया. डाक्टर म्हणत्यात अंगात रोग न्हाय. जेवलीस का विचारलं तर जेवले की म्हणती. भाकरी म्हशीला घालती आणि जेवले म्हणती. मी सासरी, कोण बघणार? मला वाटतं तात्यांस्नी एकदा हसता-बोलताना बघितलं तर काय तरी हलंल तिच्यात." तिनं माझ्याकडं बघितलं. "दुसरं काय सुचंना झालंय."

मला त्या पोरीची फार दया आली. मी तिला शब्द दिला. काम अवघड असलं की शब्द द्यायचा नाही हा माझा नियम आहे, पण हे काम मला तेव्हा अवघड वाटतच नव्हतं.

ती गेल्यावर क्लिप लावली, अडकली. दुपारनंतर लावली; चालली. मला आनंदच झाला, कारण वेळेनुसार येणारा बिघाड विजेचा असतो. सकाळी आमच्या गल्लीत क्लासेसचे एसी सुरू होतात, व्होल्टेज पडतं. मी मशीन वेगळ्या लाइनवर घेतलं. सकाळी परत अडकलं. मग क्लिप माझ्या स्वतःच्या मशिनवर घेतली. तिथंही अडकली. लॅपटॉपवर घेतली, मोबाईलवर घेतली. सगळीकडं तात्या येत, वाकत, विचारत आणि थांबत.

म्हणजे मशीन निर्दोष होतं. फाइल खराब होती म्हणावं, तर खराब फाइल दुपारी बरी होत नाही.

आणखी एक गोष्ट होती, ती मी आधी मनावर घेतली नाही. उचगावात थांबलेल्या चित्रात तात्यांची नजर कॅमेऱ्याच्या जरा खाली होती, पुढ्यातल्या पानाकडं. आता ती वर होती. सरळ माझ्याकडं.

त्याच आठवड्यात गुरुवारी शेजारच्या ब्यूटी पार्लरची मोना गप्पा मारायला आली. मी नुकतीच जेवले होते आणि क्लिप झकास चालली होती. मोनानं स्टूल ओढून घेतलं आणि चित्र थांबलं.

"मला बघून थांबलं व्हय गं ते म्हातारं?"

"उठ जरा. बाहेर जा."

"का?"

"जा तर."

ती पार्लरमध्ये गेली. मी क्लिप लावली, चालली. तिला बोलावलं, अडकली. परत घालवलं, चालली. तिसऱ्यांदा ती वैतागून दारातच उभी राहिली. मला काय सुचलं कोण जाणे, मी विचारलं, "मोना, जेवलीस?"

"आज गुरुवार न्हवं? वाडीच्या दत्ताचा उपास." मग तिनं मान वेळावली. "खिचडी खाल्ली की."

साबुदाण्याला तात्या जेवण मानत नव्हते. मी हसले, आणि हसता हसता माझ्या पाठीवर काटा आला.

पण मी मशीनवाली आहे. काटा आला म्हणून काम सोडत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दुसऱ्या दिवशी मोना जेवून आली, क्लिप चालली. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी न्याहारी केली नाही, दुपारचा डबा बाजूला सारला आणि दार लावून एकटी बसले. तात्या वाकले. "पावणं, जेवलासा न्हवं?" आणि थांबले. दुकानात पंख्याशिवाय आवाज नव्हता.

मी पडद्याला म्हटलं, "जेवले की, तात्या."

का म्हटलं? सवय. आपल्याकडं कुणी विचारलं की पोटात कावळे कोकलत असले तरी माणूस जेवलोच म्हणतो. न्हाय म्हटलं की समोरचा ताट वाढतो, त्याची अडचण होते, आपल्याला उशीर होतो. एवढं बारीक खोटं कुणी खोट्यात धरत नाही.

तात्या हलले नाहीत. तसेच वाकून, टॉवेल एका हातानं सावरून, माझ्याकडं बघत राहिले. रागानं नाही. घरचा माणूस बघतो तसं. भ्याले का विचाराल, तर भ्याले. चांगलीच भ्याले. आयुष्यभर गिऱ्हाइकांच्या थापा पकडत आले आणि मशिनशी खोटं बोलणारी मीच पहिली निघाले. मी डबा उघडला आणि चार घास खाल्ले.

"बरं झालं. सावकाश उठा," तात्या म्हणाले आणि पुढं गेले.

का, कसं, ते मला कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. पण आमच्या धंद्यात निम्मे उपाय असेच असतात. अमुक केलं की चालतं, मग अमुक करायचं. मी सोमशेखरला बोलावलं, त्याला, मोनाला आणि स्वतःला पोटभर जेवू घातलं आणि अख्खी फिल्म एक्स्पोर्ट करून तिची एक फाइल बनवली. पंगतीची क्लिप तात्या कॅमेऱ्यापासून पुढं सरकले की कापली होती, तिथून लगेच अक्षता. शेवटपर्यंत चालवून बघितली. कुठं अडकली नाही. सोमशेखरनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. फक्त अनुजाला फोन करून बजावलं, "आधी जेवणं, मग पिक्चर. एकही माणूस उपाशी बसवायचा नाही."

"एवढं काय त्यात, ताई?"

"माझं ऐक."

श्राद्धाला मी स्वतः उचगावला गेले. अंगणाला लागून गोठा, सोप्यात म्हणजे पुढच्या पडवीत मोठा टीव्ही. खीर, वडे, अळूची भाजी. पंगती उठत होत्या आणि मी दारात उभी राहून बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होते, जेवलासा का. तात्यांचे धाकटे भाऊ कृष्णातकाका मला म्हणाले, "पावणीच यजमान झाली की आज!" सगळे हसले. मीही पोटभर जेवले होते. शेवटी तात्यांची बायको चुलीकडून आली. तिला सगळं गाव आक्का म्हणतं. लुगड्यात माणूस आहे की नुसतं लुगडंच, असं वाटावं इतकी ती वाळलेली होती.

"आक्का, जेवलासा न्हवं?"

"जेवले की, पोरी. मघाशीच."

अनुजानं होकाराची मान हलवली. तिनं स्वतः ताट वाढून दिलं होतं. ताट रिकामं परत आलं होतं.

मी टीव्हीला पेनड्राइव्ह लावला. हळद झाली, देवक झालं, माणसं आपापले चेहरे ओळखून खिदळली. मग पंगत आली आणि टॉवेल टाकलेले तात्या वाटेनं चालत यायला लागले.  आक्का भिंतीला टेकून बसली होती, तिचे ओठ हलत होते.

तात्या कॅमेऱ्याशी आले. वाकले.

"जेवलीस न्हवं?"

चित्र थांबलं.

मी ती क्लिप किती वेळा ऐकली असेल त्याला गणती नाही. त्यात "पावणं" होतं. त्यात "जेवलासा" होतं.

"अडाकलं व्हय?" कृष्णातकाका म्हणाले.  अनुजानं माझं मनगट धरलं, तिची नखं रुतली. पडद्यावरची नजर माझ्याकडं नव्हती. माझ्या डावीकडं, भिंतीकडं होती.

"जेवले की," आक्का म्हणाली. वर्षभर म्हणत आली होती तशी, सहज.

चित्र हललं नाही.

गोठ्यात म्हैस दाव्याला हिसका देत होती. तेवढाच आवाज.

"जेवले म्हटलं की," आक्का परत म्हणाली. आवाज बारीक झाला.

तात्या बघत राहिले.

मग तिनं पदर तोंडाला लावला आणि पदरातूनच बोलली, "न्हाय जेवले. म्हशीला घातलं. तुमचं पान तसंच उचललं त्या दिशी, मला घास उतरंना झालाय."

अनुजा धावत आत गेली. तिनं भात आणि खीर आणली. आक्कानं पहिला घास घेतला, मग दुसरा. सोपाभर माणसं श्वास धरून एका बाईला जेवताना बघत होती. ताट संपलं.

"बरं झालं. सावकाश ऊठ," तात्या म्हणाले.

आणि पुढं चालत गेले. पुढं अक्षतांचा शॉट यायला हवा होता, मी स्वतः जोडला होता. तो आला नाही. तात्या पंगतीच्या टोकापर्यंत गेले, तिथं वाढलेलं एक पान होतं, त्यापुढं मांडी घालून बसले आणि भात कालवायला लागले. आमच्याकडं पाठ होती. मग अक्षता पडल्या, सनई वाजली आणि फिल्म नेहमीसारखी संपली.

त्या दिवसापासून आक्का जेवायला लागली. अनुजा फोनवर रडून रडून आभार मानायची. आक्काच्या अंगावर मांस आलं, आवाजात धार आली. तिनं माझा नंबर मागून घेतला आणि ऐन दुपारी, मी कुणाचं तरी मशीन उघडून बसलेली असताना, तिचा फोन यायचा.

"जेवलीस न्हवं, पोरी?"

"जेवले की, आक्का."

"खोटं बोलतीस. ठीव फोन. मी परत इचारीन."

आणि परत विचारायची. मला तिची गंमत वाटायची आणि बरंही वाटायचं. आईनंतर मला असं कुणी विचारलेलं नव्हतं.

परवा दुपारी मी एका सोनाराच्या जाहिरातीवर बसले होते. नवं मशीन, नवी फाइल, एक मुलगी नुसती बांगड्या हलवतेय. त्यात पंगत नाही, तात्या नाहीत. हात वर गेलेला असताना ती मुलगी थांबली. टाइमलाइन मेली. मी कॅशे पुसायला माऊसकडं हात नेला आणि स्पीकरमधून आवाज आला.

"जेवलीस न्हवं, पोरी?"

मला वाटलं आक्काचा फोन स्पीकरवर लागलाय. फोन खिडकीत चार्जिंगला होता, बंद पडद्याचा.

मी डबा उघडला. मुकाट्यानं सगळा खाल्ला, शेवटची भाकरी चटणीशी घशाखाली घातली. पडद्यावरची मुलगी हलली नाही. मी थांबले. तरी हलली नाही. मोना पार्लरला कुलूप लावून माहेरी गेलेली, दुकानात मी एकटी.

तेव्हा फोन वाजला. अनुजाचा होता.

"ताई, आई गेली," ती म्हणाली. मागं बायकांचं रडणं ऐकू येत होतं. "सकाळी न्याहारी केली, ताट धुतलं, पालथं घातलं आणि जरा पडते म्हणाली. पावणं यायची हायती, अजून उचलली न्हाय."

 माझ्या तोंडून निघालं ते एवढंच.

"अनुजा, तू काही खाल्लंस का गं?"

"व्हय की ताई," ती म्हणाली. "जेवले की."

मी पडद्याकडं बघितलं. बांगड्यांचा हात वरच होता.